रेटा कुणाचा

त्या मुलखात बारा मठ होते, आणि बाराही मठांत विद्या शिकवली जात असे. पण कुठला मठ मोठा आणि कुठला धाकटा, हे विद्येवरून ठरत नसे. ते ओंडक्यावरून ठरत असे.

ओंडका सागाचा असे, वीस हात लांब. मैदानाच्या मधोमध तो आडवा ठेवत. एका बाजूला एका मठाचे नऊ विद्यार्थी उभे राहत, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या मठाचे नऊ. शंख वाजला की दोन्हीकडून कपाळे लावायची आणि ओंडका समोरच्यांच्या रेषेपलीकडे ढकलायचा. या खेळाला रेटा म्हणत. खेळणारे बहुधा रेडे, बैल, क्वचित एखादा गवा. बघणारा सगळा मुलूख.

तिथला व्यवहार मिठावर चाले. मैदानात बसायच्या जागेला चिमूटभर मीठ पडे, सावलीतल्या जागेला ओंजळभर. हे मीठ मठात जमा होई. उंबरमठात त्यातून मठपती राजहंसांच्या तळ्याला संगमरवरी घाट बांधला गेला होता, आणि वस्ताद अबलख यांच्या तबेल्यावर दुसरा मजला चढला होता. अबलख हे घोडा असल्यामुळे त्यांना जिना चढता येत नसे, पण मजला होता.

खेळणाऱ्यांसाठी नियम एकच होता. खेळ हौसेचा. खेळण्याबद्दल जो मिठाचा खडाही घेईल तो डागी ठरेल, आणि डागी कपाळ ओंडक्याला लागता कामा नये. खेळणाऱ्याला मठ गवत देई आणि विद्या देई. विद्येहून मोठे दुसरे काय असते, असे मठपती दरवर्षी पहिल्या सामन्याआधी विचारत. कुणी उत्तर देत नसे, कारण शंख वाजायची वेळ झालेली असे.

कोंडबा हा दलदलीतला रेडा. दलदल मुलखाच्या अगदी खालच्या टोकाला होती. तिथे चिखल भरपूर, गवत बेताचे आणि मीठ जवळजवळ नाहीच. तिथल्या म्हशी खारट लागणारे दगड चाटून दिवस काढत. कोंडबा रेडकू असतानाच त्याचा बाप गाळात रुतून गेला होता. आई भागाई हिने त्याला एकटीने वाढवले. एका वर्षी पुरात वाहून आलेले झाड पाणवठ्याच्या वाटेवर आडवे पडले. चार म्हशींनी सकाळभर जोर लावला, झाड हलले नाही. दुपारी कोंडबा आला, त्याने कपाळ लावले आणि झाड बाजूला केले. मग तो पाणी प्यायला गेला.

ही गोष्ट वर मठापर्यंत पोचायला आठ दिवस लागले. नवव्या दिवशी वस्ताद अबलख स्वतः दलदलीच्या काठावर येऊन उभे राहिले. चिखलात पाय घालायची त्यांची तयारी नव्हती, त्यामुळे बोलणे काठावरूनच झाले.

"भागाई, पोराला मठात पाठव. शिकेल."

"काय शिकेल?"

"म्हणेल ते. आमच्याकडे चौदा गुरुजी आहेत."

"आणि ते ओंडक्याचं?"

"ते हौसेनं. थोडा वेळ."

भागाई रवंथ करायची थांबली. मग म्हणाली, "आमच्या इथं खांबावर नोटिसा लागतात. कुणालाच वाचता येत नाहीत. कावळा येतो, वाचून दाखवतो, आणि त्याबद्दल आमच्याच मिठातला अर्धा खडा उचलतो. खरं वाचतो का खोटं, देव जाणे. हा वाचायला शिकला तर बरं होईल."

"शिकेल की," वस्ताद म्हणाले. आपण काही खोटे बोलतो आहोत असे त्यांना वाटले नाही. असे ते प्रत्येक आईला सांगत आले होते.

मठात कासवगुरुजींचा अक्षरांचा वर्ग सूर्योदयाला भरे. रेट्याची तालीमही सूर्योदयाला असे. पहिल्या दिवशी कोंडबा वर्गाकडे गेला. दार लहान होते. गुरुजींनी त्याला खिडकीतून डोके आत घ्यायला सांगितले, आणि ते फळ्याकडे वळले. कासव वळायला वेळ घेते. ते पुरते वळायच्या आत मैदानावरून अबलखांचे खिंकाळणे ऐकू आले, आणि कोंडबाने डोके बाहेर काढले.

दुसऱ्या दिवसापासून त्याला तिकडे जायचे कारण उरले नाही. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे वर्षभराच्या खुणा एकाच दिवशी, एकाच शाईने झालेल्या होत्या. खेळणाऱ्यांसाठी मठाने एक वेगळा विषयही काढला होता, चरणशास्त्र. त्याची परीक्षा चैत्रात झाली. परीक्षकाने गवताची पेंढी पुढे ठेवून विचारले, "हे काय आहे?" कोंडबाने ती खाल्ली. तो विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण झाला.

त्याला खरोखरच आनंद झाला. त्याने आईला निरोप पाठवला की मी पास झालो. आईचा उलटा निरोप आला: "नोटीस वाचता येते का?" त्या निरोपाला कोंडबाने उत्तर पाठवले नाही. कामात राहून गेले, असे त्याने स्वतःला सांगितले.

निरोप नेणारी आणि आणणारी राही होती. राही ही कोरड्या डोंगरावरची शेळी. उंबरमठात ती कडेउडी खेळत असे. हा खेळ बघायला तिच्या तुकडीतल्या सहा जणी आणि भिंतीवरची एक पाल एवढेच हजर असत. त्यातून मठाला मीठ मिळत नसे आणि खर्चही फारसा नव्हता. दोन खडक होते, आणि ते पूर्वीपासूनच तिथे होते. पण त्या उड्यांच्या बळावर तिला मठात जागा मिळाली होती आणि ती चिकाटीने वैद्यकी शिकत होती. कोंडबाशी तिची ओळख पाणवठ्यावर झाली. तो पाणी प्यायला लागला की बाकीच्यांना बराच वेळ थांबावे लागे. सगळे मुकाट थांबत. राहीने एकदा "आता पुरे की" असे म्हटले, आणि तेव्हापासून त्यांचे जमले.

दुसऱ्या वर्षी उंबरमठाने अकराही मठांना हरवले. शेवटच्या सामन्यात पिंपळमठाच्या नऊ जणांना कोंडबाने जवळजवळ एकट्याने रेषेपर्यंत नेले असे बघणारे सांगत. हे खरे नव्हते, पण फारसे खोटेही नव्हते. त्यानंतर जिकडेतिकडे कोंडबा दिसू लागला. मैदानाबाहेरच्या दुकानांत त्याच्या मातीच्या मूर्ती आल्या. लहान मूर्ती दोन चिमटी, मोठी मूर्ती ओंजळ, आणि शेपूट हलणारी असेल तर दोन ओंजळी. प्रत्येक मूर्तीमागे अर्धे मीठ मठाला जाई, आणि उरलेले दुकानदाराला.

त्या वर्षाच्या थंडीत राही दलदलीतून परत आली ती सरळ कोंडबाच्या गोठ्यापुढे येऊन उभी राहिली.

"काय झालं?" कोंडबाने विचारले.

"तुझी आई उभी राहताना थरथरते. खात नाही. चिखल चाटते. मी नुकतंच शिकलेय हे, कोंडबा. मीठ नाही पोटात. दुसरं काही नाही."

"मग मीठ दिलं की बरी होईल?"

"आठ दिवसांत."

कोंडबा उठला आणि मैदानाबाहेर गेला. तिथे साळुबा नावाच्या साळिंदराचे दुकान होते. पुढे फळीवर चाळीस कोंडबा ओळीने मांडलेले होते आणि सगळ्यांच्या शेपट्या वाऱ्याने हलत होत्या. खरा कोंडबा समोर येऊन उभा राहिलेला पाहून साळुबाचे काटे एकदम ताठ झाले. मग हळूहळू खाली बसले.

"काय हवंय महाराज?" त्याने विचारले. कोंडबाला असे कुणी म्हटले नव्हते.

"काही नको. आई आजारी आहे. मीठ कुठं मिळतं ते विचारायला आलो होतो."

साळुबाने चाळीस मूर्तींकडे पाहिले. मग कोंडबाकडे पाहिले. त्याला बहुधा लाज वाटली असावी. गल्ल्याखालून त्याने मिठाचा एक खडा काढला, जिभेएवढा. "घेऊन जा. कुणी बघत नाहीये."

पण बघत होते. पिंपळमठाच्या बाजूने एक टिटवी तिथे वर्षभर नेमलेली होती.

राहीने खडा त्याच दिवशी दलदलीत पोचवला. भागाई नवव्या दिवशी उठून पाण्यात गेली. आणि दहाव्या दिवशी कोंडबाला बारा मठांच्या मंडळापुढे बोलावणे आले.

मंडळात बारा मठपती अर्धवर्तुळात बसले होते. उंबरमठाचे राजहंस मधोमध होते, कारण त्या वर्षी अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. ते इतके पांढरे होते की त्यांच्याकडे उन्हात पाहणे कठीण जाई.

"मीठ घेतलंस?"

"घेतलं महाराज."

"किती?"

"जिभेएवढं."

"कशाबद्दल?"

"आईबद्दल."

राजहंसांनी नियमांची वही चाळली. त्यांनी ती नीट चाळली. ते घाईत नव्हते आणि निर्दयही नव्हते. शेवटी त्यांनी वही मिटली. "नियमात आई नाही," ते म्हणाले.

कोंडबा डागी ठरला. एवढेच नव्हे, तर डागी कपाळाने आधी मिळवलेला विजय हाही डागी, असे मंडळाने ठरवले. म्हणून त्या वर्षीचा उंबरमठाचा विजय झालाच नाही असा निर्णय झाला, आणि विजयशिळेवरची ती ओळ छिन्नीने काढण्यात आली. सबंध मुलखाने तो सामना डोळ्यांनी पाहिला होता. हळूहळू त्यांनी तो पाहिला नव्हता असे झाले. जागांबद्दल गोळा झालेले मीठ मात्र परत करता येणार नव्हते, कारण बसायच्या जागा खऱ्याच होत्या.

कोंडबा गोठ्याबाहेर बसून राहिला. आई बरी झाली याचे त्याला बरे वाटत होते, आणि आपण वाईट आहोत असेही वाटत होते. ही दोन्ही एकाच वेळी कशी वाटू शकतात, ते त्याला कळत नव्हते. तालमीला जाणारे त्याचे सोबती समोरून गेले. त्यांनी माना दुसरीकडे वळवल्या. त्यांच्यावरही टिटव्या होत्या.

तीन दिवसांनी कासवगुरुजी आले. ते पहिल्या दिवशीच निघाले होते.

"माझ्या पटावर तू दोन वर्षं रोज हजर आहेस," ते म्हणाले. "मी तुला एकदा पाहिलंय, खिडकीत. मंडळ म्हणतं तू लबाडी केलीस. मला वाटतं, लबाडी झाली खरी. न्यायपीठाला अर्ज करायचाय का?"

"मला लिहिता येत नाही गुरुजी."

"ते ठाऊक आहे मला," गुरुजी म्हणाले, आणि खाली बसून लिहू लागले. अर्ज एक पानाचा होता. त्याला महिना लागला.

न्यायपीठावर एक म्हातारी हत्तीण बसत असे. तिने आयुष्यात एकही सामना पाहिला नव्हता. तिच्या मापाची जागाच मैदानात नव्हती. तिने दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. राजहंस तिथे फार चांगले बोलले. खेळाला मिठाचा स्पर्श झाला की तो खेळ राहत नाही, हौस गेली की मठ म्हणजे बाजार होईल, आणि मग मुलूख कशाकडे बघून टाळ्या वाजवील, असे त्यांनी विचारले. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून आले. वस्ताद अबलखही तिथे होते, आणि त्यांनी दोन वेळा मान डोलावली.

हत्तीणीने डोळे मिटूनच विचारले, "ओंडका कुणाचा?"

"मठाचा."

"मैदान?"

"मठाचं."

"रेटा कुणाचा?"

"रेटा हौसेचा," राजहंस म्हणाले.

"हौस कुणाची?"

राजहंसांनी उत्तर द्यायला चोच उघडली. अबलखांनी त्यांच्याकडे पाहिले, अकरा मठपतींनी पाहिले. चोच तशीच मिटली. हत्तीणीने निकाल दिला की रेटणाऱ्याला रेट्याचे मीठ घेता येईल.

त्यानंतर सगळे फार लवकर झाले. मठाबाहेर भक्तमंडळे स्थापन झाली. आधी भक्त मिठाची पोती मठात आणून टाकत. आता मंडळे ती सरळ गोठ्यांपुढे आणून टाकू लागली. रेडे, बैल दर पौर्णिमेला मठ बदलू लागले. शिंगांवर मठाचा रंग लावायची रीत होती, ती आता रंगाऱ्यांना झेपेना. एका गव्याच्या शिंगांवर एकावर एक पाच मठांचे रंग चढले, आणि डोके जड झाले म्हणून तो मान वाकडी करून चाले. एका सामन्यात अर्धा वेळ एका बाजूने रेटलेला बैल मध्यंतरानंतर दुसऱ्या बाजूने रेटू लागला. बघ्यांनी थोडी कुरकुर केली. पण जागा भरलेल्या होत्या.

राजहंस पहिले आठ दिवस तळ्याबाहेर आले नाहीत. नवव्या दिवशी त्यांनी कोंडबाला बोलावून घेतले आणि कराराचे पान पुढे ठेवले. वरच्या चार ओळी त्यांनी मोठ्याने, सुरेख आवाजात वाचल्या. "बाकी नेहमीचंच आहे," ते म्हणाले. कोंडबाने पानावर खूर उमटवला.

पहिले पोते त्याने दलदलीत पाठवले. राहीने सांगितले की सगळ्या म्हशी एका रांगेत उभ्या राहून आळीपाळीने चाटत होत्या, आणि भागाई मधे उभी राहून "हळू, सगळ्यांना आहे" असे म्हणत होती. कोंडबाने ते तिला पुन्हा सांगायला लावले. मग पुन्हा एकदा.

खांबावर नोटीस लावायची गरज आता पडत नसे. कोंडबाच्या घरच्यांकडे कावळा आपणहून येई आणि काय ते अदबीने तोंडीच सांगे.

पण रेटणाऱ्यांना द्यायचे मीठ कुठून तरी यायला हवे होते. तळ्याचा घाट मोडणे शक्य नव्हते. वस्तादांना आता दोन मठांतून बोलावणी होती, त्यामुळे त्यांच्या तबेल्यावर तिसरा मजला घ्यावा लागला. मग मठाने खर्चाची तपासणी केली, आणि बदकांची पोहण्याची शर्यत, सशांची धाव आणि शेळ्यांची कडेउडी बंद केली. वर्गांच्या इमारतीत कोरडी जागा होती, ती मीठ साठवायला घेतली.

राही निघाली त्या सकाळी कोंडबा पाणवठ्यावर थांबला होता.

"माझ्यामुळं झालं," तो म्हणाला.

"तुझ्यामुळं नाही. तुझं होतं ते तुला मिळालं. माझं काय होतं, ते कुणी मोजलं नव्हतं."

"वैद्यकी?"

"दीड वर्ष राहिलं. जागा उड्यांवर होती ना. उड्या गेल्या, जागा गेली."

कोंडबाने मान खाली घातली. मग त्याने पुढचा पाय बाजूला केला. मागे मिठाचे एक पोते होते. "हे घे. घेशील?"

राहीने पोत्याकडे पाहिले. कोंडबाला वाटले ती आता रागावेल.

"घेते की," ती म्हणाली. "नाही म्हणायला मी काही हौशी नाही."

ती हसली, तोही हसला. पोते तिच्या पाठीवर मावेना. शेवटी दोघांनी मिळून ते अर्धे केले. ती डोंगराच्या बाजूने चढत गेली, आणि वरच्या वळणावर ओझे असूनही तिने एक उडी घेतली. ती बघायला तो एकटाच होता.

कोंडबाच्या चौथ्या वर्षी, पिंपळमठाविरुद्धच्या सामन्यात, ओंडका एका अंगाने उसळला आणि त्याच्या उजव्या गुडघ्यावर आला. सबंध मैदानाने श्वास रोखला. त्याला बाजूला ओढण्यात आले आणि शंख पुन्हा वाजला. वैद्याने गुडघा चाचपला, आणि पुन्हा चाचपला नाही. उन्हे कलायच्या आत एक नवा रेडा त्याच्या जागी उभा होता. तो तीन मठ फिरून आला होता, आणि त्याच्या शिंगांवरचा आधीचा रंग अजून पुरता निघाला नव्हता.

पंधरा दिवसांनी लंगडत लंगडत कोंडबा तळ्यावर गेला. राजहंस त्याच्याशी चांगलेच बोलले.

"करारात 'रेटा असेतो मीठ' असं आहे. रेटा तर आता राहिला नाही."

"कुठं आहे तसं?"

राजहंसांनी पान काढून चोचीने ओळ दाखवली. ती खालून तिसरी होती. कोंडबाने त्या ओळीकडे बराच वेळ पाहिले. ती दिसायला इतर ओळींसारखीच होती.

"असेल," तो म्हणाला. "मग माझं इथं काय उरलं?"

राजहंसांनी वही मागवली. "पटावर नाव आहे तुझं," ते शेवटी म्हणाले. "अजून पाच महिने. खेळणारा विद्यार्थीच असावा, हा नियम आम्ही काढलेला नाही. कसा राहिला कोण जाणे. तेव्हा तुला वर्गात बसता येईल." एवढे बोलून त्यांनी त्याच्याकडे जरा काळजीने पाहिले. या सोयीचा आजवर कुणी उपयोग केलेला नव्हता.

दलदलीतून भागाईचा निरोप आला होता की पाय गेला तर गेला, घरी ये, इथे चिखल आहे आणि मी आहे. कोंडबाने उलटा निरोप पाठवला की येतो, पाच महिन्यांनी. कारण त्याने कळवले नाही.

वर्गांच्या इमारतीत मीठ भरल्यापासून कासवगुरुजींचा वर्ग मैदानाच्या भिंतीमागे, निंबाखाली भरत असे. वर्गात एक खार, दोन तितर आणि एक आंधळी घोरपड एवढेच होते. फळा आत राहिला होता, म्हणून गुरुजींनी जमिनीवर बारीक धूळ पसरून धूळपाटी केली होती. कोंडबा आला तेव्हा खार सरकली. त्याला बसता येईना, गुडघा मुडपत नव्हता. गुरुजी म्हणाले, "उभ्यानं शीक."

त्यांनी धुळीत ग काढला. कोंडबा बघायला वाकला, आणि त्याच्या नाकपुड्यांतून आलेल्या वाऱ्याने ग उडून गेला. खार खोकली. गुरुजींनी पुन्हा ग काढला.

"श्वास धर," ते म्हणाले. "आता तू काढ."

खूर फार रुंद होता. त्याखाली सबंध बाराखडी मावली असती. मग कोंडबाने मान तिरकी केली आणि शिंगाचे टोक धुळीला लावले. तीन पाय जमिनीत रोवले, कपाळ खाली घेतले. मानेच्या शिरा फुगल्या. सबंध मुलखाने त्याला असा उभा राहिलेला पाहिला होता. वाकडी गाठ निघाली. मग त्याने काना ओढला. तो नांगराच्या तासासारखा खोल गेला.

नेमका तेव्हा भिंतीपलीकडे शंख वाजला. अठरा कपाळे ओंडक्याला भिडली, हजारो पाय बाकांवर आपटू लागले, आणि जमीन हादरली. धूळपाटीवरची धूळ थरथरली, चारी बाजूंनी सरकत आली आणि सपाट झाली.

गुरुजींनी भिंतीकडे पाहिले नाही. "पुन्हा," ते म्हणाले.

कोंडबाने श्वास रोखून धरला, आणि कपाळ खाली घेतले.